डब्याच्या मागची ओळ

सकाळी ८:३०

भोसरी एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आमच्या ऑइलच्या दुकानाला गुरुवारी कधीच नसते. आठवडाभर कंपनीची मशीन सांभाळणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्या गाडीकडे बघतो. गाडी धुता धुता बॉनेट उघडतो, उगाच गेज ओढून पुसतो, पुन्हा घालतो, पुन्हा ओढतो आणि मग आमच्याकडे येतो.

शटर वर केल्यावर पहिलं काम फळ्या पुसण्याचं. मागे मेट्रो, पुढे उड्डाणपूल, समोरून दिवसभर कंटेनर. डब्यांवर रोज एक थर बसतो. धूळ बसलेला डबा गिऱ्हाईक हातात घेत नाही. आतलं ऑइल सीलबंद असतं, तरी त्याला ते शिळं वाटतं. बरेचजण नावानंही मागत नाहीत. शेलचा पिवळा, गल्फचा नारिंगी, कॅस्ट्रॉलचा हिरवा. “तो हिरवा द्या, आमच्याकडे कायम तोच असतो.” गाडी तीनदा बदललेली असते, डबा मात्र तोच.

दुकान टाकण्याआधी मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे हायड्रॉलिक ६८ नंबरचं ऑइल २१० लिटरच्या बॅरलमधून यायचं. परचेसचा माणूस तीन कोटेशनं मागवायचा, लिटरमागे रुपया-दोन रुपयांसाठी फोनवर तास घालवायचा आणि सर्वांत स्वस्त बॅरल घ्यायचा. कोट्यवधींची मशीनं त्यावर चालायची. तोच माणूस आता गुरुवारी माझ्याकडे येतो आणि दीडशे सीसीच्या मोटारसायकलसाठी दुकानातलं सर्वांत महागडं एक लिटर घेऊन जातो, भाव न विचारता. मला त्यात गैर काही दिसत नाही. कंपनीचं मशीन बंद पडलं तर ब्रेकडाऊन स्लिप भरतात. स्वतःची गाडी बंद पडली तर बायको-पोरांसमोर रस्त्यावर ढकलावी लागते.

सकाळी ९:१५

पहिलं गिऱ्हाईक सीएनसी ऑपरेटर. गाडी पल्सर, म्हणजे इथलीच. चाकणच्या बजाज कारखान्यात २००१ पासून पल्सर बनते आणि या पट्ट्यात तर घरटी एक असावी. तक्रार अशी की भोसरीच्या पुलावर चढताना इंजिन ओरडतं, काटा वर जातो आणि गाडी काही जात नाही.

“ऑइल कोणतं टाकलंय?”

“एक नंबर टाकलंय. भावाच्या कारचं उरलं होतं, फुल सिंथेटिक, फाइव्ह-थर्टी.”

शेजारच्या गॅरेजवाल्यानं मान हलवली आणि ड्रेन बोल्टला पाना लावला. कारमध्ये क्लच ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लचप्लेट तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेली. पेट्रोल वाचावं म्हणून कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. कारला ती फायद्याची असतात. इथे क्लचप्लेटचं कामच मुळी घर्षणावर चालतं, तिथे नेमकी तीच आडवी येतात. जपानी कंपन्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी यासाठी जासो नावाचं वेगळं मानक काढलं: गिअरच्या मोटारसायकलला एमए किंवा एमए२, ॲक्टिवासारख्या कोरड्या क्लचच्या स्कूटरला एमबी.

मी त्याला नवा डबा उलटा करून दिला आणि म्हटलं, जासो कुठे लिहिलंय ते शोध. डब्याच्या मागचा मजकूर इतका बारीक छापतात की सीएनसीवर मायक्रोमीटर वाचणाऱ्यालाही मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघावा लागला. सापडलं. त्यानं डबा सरळ केला, पुढचं नाव वाचलं आणि चेहरा पडला. “हे तर साधं मिनरल आहे.” त्याच्या भावाचं ऑइल दुप्पट किमतीचं होतं. महाग ऑइल चुकीचं असू शकतं, हे त्याच्या पचनी पडायला बराच वेळ गेला. क्लचप्लेट वाचल्या असाव्यात. दोनदा ऑइल बदलून बघ, तरी सटकली तर प्लेट बदलू, असं गॅरेजवाल्यानं सांगितलं.

सकाळी १०

टेल्कोतून निवृत्त झालेले एक काका आले. टाटा मोटर्स म्हणायला त्यांची जीभ वळत नाही.

“सर्व्हो द्या. ट्वेंटी-फिफ्टी.”

“काका, गाडी कोणती?”

“मुलाची. नवीन मारुती घेतलीय.”

“तिला कंपनीनं झिरो-सिक्स्टीन सांगितलंय.”

“दाखवा बरं.” मी नमुन्याची बाटली हलवून दाखवली. “अहो, हे पाणी आहे! हे इंजिनात घालायचं?”

काकांचं चुकत नाही, त्यांचा काळ चुकतो. शंभर अंशाला पन्नास ग्रेडचं ऑइल किमान १६.३ सेंटिस्टोक घट्ट असावं लागतं. सोळा ग्रेडला ६.१ पुरतं. म्हणजे काकांच्या ऑइलच्या निम्म्याहूनही पातळ. ही सोळा ग्रेडच मुळी २०१३ मध्ये मानकात आली. काकांनी ज्या इंजिनांवर हात काळे केले त्यांच्या बेअरिंगमध्ये जागा जास्त असायची, बोअर घासलेले असायचे, आणि घट्ट ऑइल घातलं की टॅपेटचा आवाज दबायचा. आजच्या इंजिनात तेलवाटा बारीक, ऑइल पंप लहान आणि व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्या दाबावर चालते. सकाळी गाडी चालू करताना वीस-पन्नास वरपर्यंत पोहोचायला जो वेळ घेतं त्यात झीज होते.

पण एक गोष्ट मी काकांपासून लपवली नाही. पातळ ऑइलमागे गाडीच्या कंपनीचा स्वतःचाही स्वार्थ असतो. इंधनाच्या सरासरीचे सरकारी आकडे गाठायचे असतात. अपघातानं पन्नास पडलं म्हणून इंजिन फुटणार नाही, मायलेज मात्र जाईल. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिल्या असतील तर आपल्या उन्हाळ्यात त्यातली घट्ट निवडायला माझी हरकत नसते. मॅन्युअलच्या बाहेर जायचं तर वॉरंटी संपल्यावर, आणि तेही कारण ठाऊक असेल तर.

ऐकून घेतल्यावर काका जुन्या चेतक स्कूटरच्या आठवणींत शिरले. पेट्रोल पंपावर टूटी ऑइल मापून टाकायचे, कुठे सुट्टं मिळायचं, त्यात काय मिसळलंय देव जाणे. इंडियन ऑइलनं सत्तरच्या दशकात सर्व्हो आणलं. सरकारी कंपनीचा, सरकारी पंपावरचा सीलबंद डबा. त्यात भेसळ नसणार एवढाच भरवसा होता आणि तेवढाच पुरे होता. त्यांची निष्ठा इथून आलेली. मग म्हणाले, “मारुतीचाच डबा द्या. निदान गाडीवाल्याचा तरी आहे.” गाडीच्या कंपन्या तेलाचे कारखाने काढत नाहीत, त्यांच्या नावाचे डबेही तेलवाल्याच कंपन्या भरून देतात, हे तोंडावर आलं होतं. बिल केलं.

सकाळी ११

हा गुरुवारचा खरा कार्यक्रम. तीन पोरं, तीन गाड्या, आणि माझ्या काउंटरवर संसदेचं अधिवेशन.

पहिला चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात लाइनवर आहे आणि त्याच्याकडे पोलो आहे. मार्च २००९ मध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं, त्याच वर्षाच्या शेवटी पोलो सुरू झाली आणि २०२२ मध्ये बंद. “हिचा जन्म आणि माझी नोकरी एका शेडमधली,” असं तो सांगतो आणि मग तिच्यात जर्मनच ऑइल पाहिजे म्हणून लिक्वी मोलीवर अडून बसतो. दुसऱ्याची फोक्सवॅगनचीच व्हर्टस, टर्बो. तो मोटुलचा, ३००व्ही सोडून बोलत नाही. तिसरा सर्वांत कट्टर. त्याच्याकडे रांजणगावची फियाट पुंटो आहे, १.३ मल्टिजेट. फियाटनं भारतातलं दुकान आवरलं, नवी पुंटो मिळत नाही, सुटे भाग शोधायला हा जुन्या बाजारापर्यंत जातो, पण ऑइल सेलेनियाच पाहिजे, कारण फियाटच्या पुस्तकात तेच नाव छापलंय. सेलेनिया कधीच पेट्रोनासकडे, म्हणजे मलेशियाकडे गेली. मी हे बोललो की तो म्हणतो, “असू दे, नाव तर तेच आहे ना.”

वाद नेहमीच्या ठिकाणी पेटला: खरं सिंथेटिक कोणतं? मोटुलवाला म्हणाला, “तुमची सगळी ग्रुप थ्री. डब्यावर सिंथेटिक लिहितात आणि आत मिनरल विकतात.”

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि त्यामागे एक जुनं भांडण आहे. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की प्रयोगशाळेत रेणू जोडून बनवलेलं पीएओ किंवा एस्टर, असं धरलं जायचं. नव्वदच्या दशकात कॅस्ट्रॉलनं अमेरिकेत आपल्या सिनटेकमध्ये पीएओ काढून हायड्रोजनची जोरदार प्रक्रिया केलेलं खनिज तेल, म्हणजे ग्रुप थ्री, वापरायला सुरुवात केली. मोबिलनं जाहिरातींच्या पंचांकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला: प्रक्रियेत रेणूच इतका बदलतो की त्याला सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून जगभर ‘फुल सिंथेटिक’ छापलेल्या बहुतेक डब्यांत ग्रुप थ्री असतं. जर्मनी मात्र अडून बसली. तिथे ‘पूर्ण सिंथेटिक’ छापायचं तर पीएओ-एस्टरच लागतं. म्हणून जर्मन डब्यांवर ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’ अशी गोलमोल भाषा दिसते. हे मी सांगितलं तेव्हा लिक्वी मोलीवाल्यानं आपला डबा उलटा करून बघितला आणि काही बोलला नाही.

पण मोटुलवाल्याची फुशारकीही मी टिकू दिली नाही. ३००व्ही हे १९७१ पासूनचं, एस्टरवर आधारलेलं, शर्यतीसाठी घडवलेलं ऑइल. उत्तमच आहे. शर्यतीच्या गाडीचं ऑइल मात्र शर्यतीनंतर काढतात. त्यावर फोक्सवॅगनच्या मान्यतेचा आकडा नसतो, कारण दहा हजार किलोमीटर चाकण-निगडी करायला ते बनवलेलंच नाही. हा पठ्ठ्या ते वर्षभर वापरतो.

“मग तुम्ही काय टाकाल?” पुंटोवाल्यानं विचारलं.

बेस ऑइल म्हणजे डाळ आणि ॲडिटिव्ह म्हणजे फोडणी, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. बहुतेक डब्यांत पाऊण भागाहून जास्त बेस ऑइलच असतं. आपल्याकडची बरीच डाळ माहुलच्या रिफायनऱ्यांतून येते. हिंदुस्थान पेट्रोलियमची तिथली वंगण रिफायनरी देशातली सर्वांत मोठी. फोडणीचं तर त्याहून गमतीचं. काजळी धरून ठेवणारं, आम्ल मारणारं, झीज थांबवणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग, तापल्यावर पातळ होऊ न देणारं पॉलिमर, हे सगळं जगभरात मुख्यतः चार घरं बनवतात: लुब्रिझॉल, इन्फिनियम, ॲफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. लुब्रिझॉलचा कारखाना आपल्या तुर्भ्याला आहे. माझ्या फळीवर एकमेकांच्या उरावर बसलेल्या चार डब्यांची फोडणी एकाच घरची असू शकते. प्रमाण, दर्जा वेगळा असतो, मान्य. पण तो फरक पुढच्या नावात दिसत नाही, मागच्या ओळीत दिसतो.

ती ओळ वाचायला मी तिघांना लावलं. पोलोला व्हीडब्ल्यू ५०२ ००. आता बघा, एका डब्यावर लिहिलंय ‘अप्रूव्हल’. दुसऱ्यावर तोच आकडा आहे, पण आधी शब्द आहेत ‘गरजा पूर्ण करते’. पहिल्यानं ऑइल फोक्सवॅगनकडे पाठवून, चाचण्यांचे पैसे भरून मान्यता घेतली. दुसरा स्वतःच्या तोंडानं सांगतोय. दुसरा खोटाच असेल असं नाही, पण मी पैसे पहिल्याला देईन. व्हर्टससारख्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात तर एपीआयची, म्हणजे ऑइलच्या दर्जाची, पायरीही बघायची. कमी वेगात एकदम जोर लावला की इंधन ठिणगीच्या आधीच पेटतं, पिस्टन तडकू शकतो, आणि ऑइलमधलं कॅल्शियम त्याला हातभार लावतं, असं आढळलं. म्हणून २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही श्रेणी आली. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. नाव कोणतंही घ्या, टर्बोला एसपी बघून घ्या, आणि वरून कसली बाटली ओतू नका. फोडणी आधीच बसलेली आहे.

मल्टिजेटवाल्याला एकच सांगितलं. तुझ्या इंजिनाची चेन ऑइलवर जगते. सेलेनिया मिळेना म्हणून दोन महिने थांबलास, त्या दोन महिन्यांत तिचं जे झालं ते कोणतंही सेलेनिया भरून काढणार नाही. साधं, योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर टाकलं असतंस तर बरं होतं.

तिघेही जाताना आपापलाच डबा घेऊन गेले. मी विकणारा माणूस, तक्रार कशाची करू?

दुपारी १२:३०

एका कंपनीचा सेल्समन आला. नाव लिहीत नाही, कारण सगळेच असे येतात. नवी स्कीम: इतक्या पेट्या उचलल्या तर मला सवलत, आणि मेकॅनिकला झाकणाखालचा क्यूआर स्कॅन केला की थेट खात्यात पैसे. पूर्वी कुपनं असायची, मेकॅनिक ती तंबाखूच्या डबीत जपून ठेवायचे. वर्षअखेर सर्वांत जास्त डबे ओतणाऱ्याला गोवा किंवा बँकॉक.

शौकिनांची निष्ठा गाजते, पण खपाचा गाडा मेकॅनिकच्या निष्ठेवर चालतो. गाडीवाला “तुम्ही टाकाल ते” म्हणून बाकावर बसतो आणि मोबाइल बघतो. मेकॅनिकनं क्यूआरकडे बघून ऑइल निवडलं तर त्याला बोल लावायला मी तयार नाही. एका ऑइल चेंजमध्ये त्याला मजुरी किती मिळते ते मला ठाऊक आहे. शेजारचा गॅरेजवाला या सगळ्यात वेगळंच कारण देतो. “इंजिन बसलं तर शिव्या मलाच. म्हणून मी ज्याचा वास आणि रंग ओळखतो तेच टाकतो. वेगळं निघालं तर ओतायच्या आधी कळतं.” प्रयोगशाळा नसलेल्या माणसाची ही प्रयोगशाळा आहे. पोलोवाल्याच्या जर्मन प्रेमापेक्षा मला ही निष्ठा जास्त पटते.

दुपारी १:४५

जेवण काउंटरमागेच. मधे दोनदा उठावं लागलं, दोन्ही वेळा ॲक्टिवा.

दुपारी ३

चाकणची फेरी. खराबवाडीजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे माल टाकायचा होता. भोसरी ते चाकण जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. मोशी ओलांडली, इंद्रायणीचा पूल आला, चिंबळी फाटा, कुरुळी, आणि आळंदी फाट्याच्या पुढे जे थांबलो ते तळेगाव चौकापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पुढे गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर, डावीकडे कंपनीची बस, उजवीकडे सिलिंडरचा ट्रक.

ऑइल बदलायचा हिशेब आपण किलोमीटरवर करतो. चाकणच्या रस्त्यावर हा हिशेब फसतो. इथे किलोमीटर वाढत नाहीत, तास वाढतात. ऑइल तापतंय, काजळी घेतंय, डिझेल गाडीत तर न जळलेलं डिझेल खाली उतरून ऑइल पातळ होतंय, आणि मीटरवर काही दिसत नाही. ‘दहा हजार किंवा एक वर्ष’ हे मोकळ्या रस्त्याचं गणित आहे. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर ‘कठीण वापर’ नावाचा तक्ता असतो. धूळ, सतत थांबाथांब, जास्त वेळ आयडलिंग, अशा गाड्यांना मुदत कमी. तो तक्ता लिहिणारा माणूस तळेगाव चौकात उभा राहून गेला असावा. मी इथल्या गाड्यांना पाच ते सात हजारांत बदला म्हणतो, मग भले मधल्या दराचं ऑइल घ्या.

ट्रान्सपोर्टवाल्याकडे वेगळंच दुखणं निघालं. त्याच्या बीएस-६ पिकअपचा डीपीएफचा दिवा सारखा पेटत होता. डीपीएफ म्हणजे धुराच्या नळीतली काजळी गाळणारी जाळी. काजळी साचली की गाडी ती स्वतः जाळते, पण राख जळत नाही, ती बसून राहते. राख येते ऑइलमधल्या धातूच्या क्षारांतून. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. डिझेल ऑइलच्या सीके-४ श्रेणीत राख वजनाच्या एक टक्क्याच्या आत ठेवतात. याच्या गोदामात जुन्या ट्रकांसाठी आणलेलं सीआय-४ चं बॅरल होतं, आणि ड्रायव्हरांनी सगळ्यांना त्यातूनच पाजलं. बॅरल चांगल्या कंपनीचं होतं, शंभर टक्के अस्सल. “एवढ्या मोठ्या ब्रँडचं ऑइल आणि असं कसं?” तो पुन्हा पुन्हा विचारत होता. जाळी बदलायचा खर्च सर्व्हिस सेंटरनं सांगितला तेव्हा खुर्ची ओढून बसला म्हणे. मी दोन बॅरलांवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात ‘जुन्या’ आणि ‘बीएस-६’ लिहून दिलं. दुसरा उपाय नाही. गोदामात डब्याच्या मागची ओळ कुणी वाचत नाही.

तिथेच कंपनीच्या शिफ्टला माणसं नेणारा सीएनजी अर्टिगावाला भेटला. त्यानं गेज ओढून माझ्यासमोर धरला. ऑइल मधासारखं स्वच्छ. “पंधरा हजार झाले. बदलू कशाला?”

सीएनजीत काजळी जवळजवळ होतच नाही, म्हणून ऑइल काळं पडत नाही. पण तापमान जास्त राहतं, ऑइल आतून सडत जातं, घट्ट होत जातं. उलट डिझेलमध्ये नवं ऑइल हजारभर किलोमीटरच्या आतच काळं होतं आणि तेव्हा ते आपलं काम चोख करत असतं. काजळी इंजिनाला चिकटू न देता स्वतःत धरून ठेवतं. रंगावर जाऊ नका, हे सांगून पटत नाही. मी गेजवरचा थेंब टिपकागदावर सोडला. दहा मिनिटांत चांगल्या ऑइलचा थेंब गोल, एकसारखा पसरतो. याचा मधे पिवळट-तपकिरी डाग धरून बसला, भोवती फिकट कडं. शेजारी माझ्या डब्यातल्या नव्या ऑइलचा थेंब सोडला. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण डोळ्यांना फरक दिसतो. अर्टिगावाला कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “पगार झाला की बदलतो.” म्हणजे सात तारखेला. तोपर्यंत अजून हजार.

संध्याकाळी ६

परतलो तर एक अनोळखी माणूस दुकानात. हातात पेटी, नावाजलेल्या ब्रँडची. “शेठ, रेट बघा. बिल मात्र नाही.” रेट माझ्या खरेदीच्या बराच खाली. डबा हातात घेतला. झाकणाखालचं सील हातानं लावल्यासारखं वाकडं, बॅच नंबर बोटानं घासला तर पुसट झाला. परत दिला. तो शांतपणे पुढच्या दुकानाकडे गेला.

शौकीन पोरांना मी कितीही हसलो तरी त्यांच्या अडेलपणाचं एक कारण हे आहे. तेल कुणाला दिसत नाही, तपासता येत नाही. नकली निघालं तर महिन्यांनी कळतं आणि तेव्हा पुरावा वाहून गेलेला असतो. अशा बाजारात माणूस एक नाव आणि एक दुकान धरून बसतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी सांगतो: पक्कं बिल घ्या, डबा तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा, आणि रिकामा डबा सोडून जाऊ नका. शेजारचा गॅरेजवाला ऑइल ओतून झालं की स्क्रू ड्रायव्हर आरपार मारतो आणि मगच डबा भंगारात टाकतो. भंगारवाला भोकाच्या डब्याला कमी भाव देतो. तरी मारतो.

संध्याकाळी ७:३०

गॅरेजमागच्या बॅरलमध्ये दिवसभराचं काळं ऑइल जमा झालं होतं. ते न्यायला नेहमीचा माणूस आला. कायद्यानं हे घातक कचऱ्यात मोडतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच गेलं पाहिजे, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. प्रत्यक्षात मोशी-चिखलीकडे जिथे जिथे टॉवर उठतायत तिथला सेंट्रिंगवाला जास्त भाव देतो, कारण स्लॅबच्या प्लेटला काळं ऑइल फासलं की काँक्रीट चिकटत नाही. ३००व्ही असो की सुट्टं, शेवटी कुणाच्या तरी टू बीएचकेच्या छतावर. गॅरेजवाल्यानं रिसायकलरची पावती घेतली, मला दाखवली आणि फाइलला लावली. पावतीसाठी तो थोडा तोटा सोसतो.

रात्री ९

हिशेब आणि उद्याची ऑर्डर. वीस-पन्नासची एक पेटी कमी केली, झिरो-सिक्स्टीन आणि झिरो-ट्वेंटी वाढवलं. सीके-४ चं एक बॅरल खराबवाडीसाठी. सेलेनियाची चौकशी डिस्ट्रिब्युटरकडे पुन्हा टाकली. पुंटोवाला रविवारी फोन करणार हे नक्की.

पुतण्या महिंद्राच्या चाकण कारखान्यात आहे, जिथे आता बॅटरीवरच्या गाड्याही बनतात. मला चिडवायला आला होता. “काका, आमच्या नव्या गाडीला इंजिन ऑइलच नाही. तुमचं दुकान म्युझियम होणार.” चेतकही आता विजेवर आली, खरं आहे. त्याला विचारलं, तुझी स्वतःची गाडी कोणती? जुनी पल्सर. तिचं ऑइल कधी बदललंस? गडी आठवू लागला. मी एमए२ लिहिलेला डबा काउंटरवर ठेवला, पक्कं बिल फाडलं आणि घरचाच म्हणून सवलत दिली नाही.